आतड्याचा जुनाट दाह : कोरोनाच्या काळाने शिकवलेला धडा

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, गेवराई, आष्टी, कोणत्याही तालुक्यातील वाडी-वस्ती घ्या. ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे राहतात म्हातारे आईबाप आणि शाळेत जाणारी पोरे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो.

आता अशी कल्पना करा, की या कोयत्यातील बाईला दिवसातून दहा-बारा वेळा शौचाला जावे लागते. पोटात कळ येते, आव पडते, रक्त पडते. फडावर संडास नाही. आडोसा म्हणजे उभा ऊस, आणि तोही रोज तोडला जातो. रात्री कोपीतून उठून अंधारात जायचे. लाजेपोटी ती कोणाला सांगत नाही. सासूला वाटते, पोट बिघडले असेल. मुकादमाला वाटते, अंग चोरते आहे. जवळच्या गावातील डॉक्टर एक सुई देतात, चार गोळ्या देतात. आठ दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. हंगाम संपतो, दुखणे संपत नाही.

वाचक बंधु-भगिनींनो, जुलाब आणि मुरडा आपल्याला नवा नाही. बहुतेक वेळा तो दूषित पाण्यातून येतो आणि योग्य औषधाने थोड्या दिवसांत बरा होतो. परंतु ज्यांचे रक्ती जुलाब महिना-महिना थांबत नाहीत, किंवा थांबून पुन्हा पुन्हा येतात, त्यांना वेगळाच आजार असू शकतो. डॉक्टर त्याला 'इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज', थोडक्यात 'आयबीडी' म्हणतात. आपण त्याला आतड्याचा जुनाट दाह म्हणू. २०२० साली कोरोनाची महामारी आली तेव्हा या रुग्णांचे कसे होणार, ही काळजी जगभरच्या डॉक्टरांना लागली होती. त्या काळजीतून जे संशोधन झाले, त्याचा उपयोग महामारी सरल्यावरही आहे. उसाच्या फडापर्यंत तो पोहोचावा, म्हणून हा लेख.

हा आजार म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी शक्ती असते. तिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. गावाच्या राखणदाराने चोर सोडून घरच्याच माणसांवर काठी चालवावी, तसे या आजारात घडते. प्रतिकारशक्ती आतड्याच्या आतील अस्तरावर उलटते. आतडे सुजते, त्याला व्रण पडतात, रक्त येऊ लागते.

या आजाराचे मुख्य प्रकार दोन. पहिला 'अल्सरेटिव्ह कोलायटिस'. हा फक्त मोठ्या आतड्यात होतो. गुदद्वाराजवळून सुरू होऊन वर चढत जातो. रक्त, आव आणि घाईची शौचास लागणे ही त्याची खूण. दुसरा 'क्रॉन्स'चा आजार. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतो. त्यात पोट दुखते, वजन घटते, बारीक ताप राहतो. पुढे आतडे अरुंद होते, कधी गुदद्वाराजवळ भगंदर होते. दोन्ही प्रकारांत सांधे धरणे, डोळे लाल होणे, अंगातील रक्त कमी होणे असेही त्रास होतात. बहुतेकांना तो ऐन तारुण्यात, म्हणजे कमावत्या वयात गाठतो.

हा आजार नेमका का होतो, याचे एकच एक उत्तर नाही. काही भाग आनुवंशिक असतो; आतड्यातील जंतूंचा बिघडलेला समतोल, बदललेले राहणीमान आणि धूम्रपान यांचाही संबंध आढळला आहे. मात्र दोन गोष्टी पक्क्या आहेत. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही. आणि ही कोणाची करणी नव्हे. देवऋषाकडे घालवलेले महिने म्हणजे आतड्यावर वाढलेले व्रण होत.

याच्याशी नावाने मिळताजुळता 'आयबीएस' नावाचा एक त्रास आहे. त्यात पोट बिघडते, पण आतड्याला व्रण पडत नाहीत आणि रक्तही पडत नाही. दोन्ही एक समजू नयेत. शौचातून रक्त, घटलेले वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब ही लक्षणे असतील तर तपासणी केलीच पाहिजे.

औषधांची थोडी कथा

लंडनचे डॉ. सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचे वर्णन केले. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रॉन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकाराची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील पहिल्याचे नाव आजाराला चिकटले.

पण औषध दिले ते एका बाईने. स्वीडनमधील शासकीय विद्यापीठातील पहिल्या महिला प्राध्यापक डॉ. नाना स्वार्ट्झ या सांधेदुखीवर औषध शोधत होत्या. १९४० च्या सुमारास त्यांनी पुढे आणलेले 'सल्फासॅलाझिन' आतड्याच्या दाहावरही गुणकारी ठरले. ती गोळी आजही वापरात आहे आणि स्वस्त आहे. तिच्यातील कामाचा भाग वेगळा काढून पुढे 'मेसालामिन' आले.

१९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी २१० रुग्णांवर 'कॉर्टिसोन' या स्टिरॉइडची चाचणी प्रसिद्ध केली. तीव्र झटक्यात स्टिरॉइडने जीव वाचतात हे त्यातून सिद्ध झाले. पुढे 'अझाथायोप्रिन' आले. १९९८ पासून अमेरिकेत 'इन्फ्लिक्सिमॅब' हे सुईवाटे द्यायचे औषध क्रॉन्ससाठी मिळू लागले. ते महाग आहे; पुढे भारतीय कंपन्यांनी त्याच धर्तीची औषधे काढली, तरी कष्टकऱ्याच्या खिशाला ती अजून जडच आहेत.

सांगायचा मुद्दा हा, की हा आजार मुळासकट जात नसला तरी औषधाने शांत राहतो. शांत राहिला तर माणूस काम करतो, लग्न करतो, मुले वाढवतो. मधुमेहासारखेच हे आहे. बरे वाटते ते गोळीमुळे वाटते. बरे वाटले म्हणून गोळी सोडली की दाह पुन्हा उसळतो.

हा श्रीमंतांचा आजार आहे काय?

पुष्कळ दिवस असा समज होता, की हा गोऱ्या देशांचा आणि बंगल्यातील माणसांचा आजार. लुधियाना येथील डॉक्टरांनी पंजाबात ५१,९१० लोकांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. दर लाख लोकांमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या संशोधकांनी तेलंगणाच्या खेड्यांत जाऊन पोटाच्या रुग्णांची तपासणी केली. हा आजार शहराप्रमाणे खेड्यातही वाढत आहे, असे त्यांनी २०२३ मध्ये मांडले. तेव्हा खेड्यात आजार नव्हता असे म्हणण्यापेक्षा, खेड्यात दुर्बीण नव्हती असे म्हणणेच बरोबर.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे आतड्याचा क्षयरोग. क्रॉन्स आणि आतड्याचा टीबी हे दुर्बिणीतूनही जुळ्या भावांसारखे दिसतात. दोन्हींत वजन घटते, ताप येतो, पोट दुखते. टीबीवर औषध वेगळे आणि क्रॉन्सवर वेगळे. टीबी असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले तर टीबी पेट घेतो. क्रॉन्स असताना नुसते टीबीचे औषध दिले तर महिने वाया जातात. म्हणून दुर्बीण तपासणीत आतड्याचा तुकडा काढून तो तपासणे महत्त्वाचे असते. इतके करूनही शंका राहिली तर डॉक्टर आधी टीबीचे औषध सुरू करतात आणि काही आठवड्यांनी गुण येतो की नाही ते पाहतात. अशा वेळी रुग्णाने ठरल्या तारखेला परत जाणे फार गरजेचे. परत गेलाच नाही, तर डॉक्टरांना कळणार कसे?

मार्च २०२० : सगळेच बंद

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महामारी म्हटले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. त्या वेळी ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. बीडची माणसे पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर अडकली. गावाकडे म्हातारी माणसे वाट पाहत होती, इकडे कोपीत पीठ-मीठ संपत होते. एप्रिलच्या मध्यात शासनाने आरोग्य तपासणी करून त्यांना गावी परतण्यास परवानगी दिली. आपल्यापैकी अनेक घरांनी ते दिवस काढले आहेत. ते सांगायला दुसऱ्या कोणाची गरज नाही.

त्या दिवसांत जुनाट आजाराच्या रुग्णांची दोन्हीकडून कोंडी झाली. एस.टी. बंद, त्यामुळे औषध आणायला तालुक्याला जाता येईना. दवाखाने कोरोनाच्या कामाला लागले. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगाव येथे मोठे कोविड केंद्र उभे राहिले, ते आपण पाहिलेच. तातडीच्या नसलेल्या दुर्बीण तपासण्या पुढे ढकलाव्यात, असा सल्ला भारतातील पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी दिला. तो योग्यच होता. पण ज्याचे निदानच राहिले होते त्याचे निदान आणखी लांबले.

दुसरी कोंडी मनातली होती. अझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. टीव्हीवर तर रात्रंदिवस 'प्रतिकारशक्ती वाढवा' हाच घोष. मग रुग्णाच्या मनात येणारच, की ही गोळी खाऊन मी कोरोनाला दार उघडून देतो आहे काय? आतड्याच्या पेशींवरही या विषाणूला शिरण्याचे दार असते आणि काही कोरोना रुग्णांना जुलाब होतात, हेही तेव्हा कळले होते. भीतीला एवढे पुरेसे होते. गोळी बंद करावी की चालू ठेवावी? सुरुवातीला डॉक्टरांजवळही पक्का पुरावा नव्हता.

जगभरच्या डॉक्टरांची एक वही

पुरावा गोळा करण्यासाठी मार्च २०२० मध्येच अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ आणि माउंट सायनाय येथील डॉक्टरांनी एक नोंदवही उघडली. तिचे नाव 'सिक्युअर-आयबीडी'. जगातल्या कोणत्याही डॉक्टरने आपल्या आयबीडी रुग्णाला कोरोना झाला तर त्याचे वय, चालू औषधे आणि पुढे काय झाले, एवढे नाव न सांगता तिच्यात लिहायचे. गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदीसारखेच हे काम. कोणाला त्यातून पैसा मिळायचा नव्हता. काही महिन्यांतच पहिला निकाल आला. पुढे या वहीत सहा हजारांहून अधिक नोंदी जमल्या.

पहिल्या निकालात ३३ देशांतील ५२५ रुग्ण होते. त्यांतील १६ जण, म्हणजे शंभरात तीन, दगावले. वय जास्त असणे आणि इतर आजार असणे ही धोक्याची कारणे होती. ती तर सर्वांनाच लागू होती. औषधांच्या बाबतीत मात्र नवे कळले. ज्याची सर्वांना भीती वाटत होती, त्या इन्फ्लिक्सिमॅबच्या गटातील औषधांनी धोका वाढलेला दिसला नाही. धोका दिसला तो पोटात घेतलेल्या स्टिरॉइडचा. ते घेणाऱ्यांमध्ये आजार गंभीर होण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली.

२०२१ मध्ये ४७ देशांतील १,४३९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इन्फ्लिक्सिमॅबच्या गटातील औषध एकट्याने घेणाऱ्यांपेक्षा, त्याच्या जोडीला अझाथायोप्रिनसारखे औषध घेणाऱ्यांना धोका जास्त दिसला. अशा नोंदवहीची मर्यादाही समजून घ्यावी. जो फार आजारी असतो त्यालाच स्टिरॉइड द्यावे लागते. मग दोष गोळीचा किती आणि चिघळलेल्या आजाराचा किती, हे वहीतून पूर्ण वेगळे करता येत नाही. परंतु दोन्ही बाजूंनी विचार केला तरी निघणारा अर्थ एकच. आजार शांत ठेवा, म्हणजे स्टिरॉइडची पाळी येणार नाही. आणि आजार शांत ठेवायचा तर रोजचे औषध सोडू नका. जगभरच्या तज्ज्ञांनीही रुग्णांना हाच सल्ला दिला.

ज्याने भीतीने रोजची गोळी सोडली, त्याचा दाह उसळण्याचा धोका होता. दाह उसळला की स्टिरॉइड आले, दवाखान्यात भरती होणे आले. म्हणजे ज्या संकटाला भ्यायलो, त्याच्याच दारात चालत जायचे. महामारीचा धडा तो हाच.

स्टिरॉइडचे कोडे

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. कोरोनाच्या रुग्णांना तर डॉक्टर स्टिरॉइडच देत होते. मग ते वाईट कसे?

जून २०२० मध्ये इंग्लंडमधील 'रिकव्हरी' चाचणीने दाखवले, की 'डेक्सामेथासोन' या स्वस्त स्टिरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णांचे मृत्यू कमी होतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही. म्हणजे योग्य वेळी, योग्य माणसाला, मोजून दिले तर ते अमृत. ही अट विसरून घरीच स्टिरॉइड खाणारे काही कमी नव्हते. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे आपण विसरलो नाही. वाढलेली साखर आणि बेहिशेबी स्टिरॉइड ही तिची मोठी कारणे होती.

आतड्याच्या दाहातही तसेच. झटका आला असता काही आठवडे स्टिरॉइड लागते. पण ते रोजचे औषध नव्हे. वर्षानुवर्षे खाल्ले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, तोंड सुजते, जंतूंची लागण होते. गावात मिळणाऱ्या सुईत किंवा 'ताकदीच्या' छोट्या गोळीत कधी कधी हेच असते. म्हणून एका दिवसात आराम पडतो. सुई घेताना औषधाचे नाव विचारा आणि ते कागदावर लिहून मागा. हा आपला हक्क आहे. आणि बरेच दिवस स्टिरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या सांगण्याने पायरी-पायरीने कमी करावे लागते. एकदम सोडल्यास जिवावर बेतू शकते.

लशीबद्दल

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्हींत शरीरात वाढणारा जिवंत कोरोना विषाणू नव्हता. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्यांनाही लस देता येत होती. ब्रिटनमधील ९२ रुग्णालयांत चाललेल्या 'क्लॅरिटी' अभ्यासात असे दिसले, की इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांच्या अंगात एका डोसाने ताकद कमी तयार होते. दुसऱ्या डोसानंतर मात्र बहुतेकांत ती तयार होते. म्हणजे ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने दबलेली, त्याने डोस अर्धवट सोडू नयेत. पुढे कोणतीही नवी लस घेताना 'मी हे औषध घेतो' असे आधी सांगावे. काही लशी जिवंत जंतूंच्या असतात, त्या अशा रुग्णांना चालत नाहीत.

टोळीवर जाणाऱ्यांनी काय करावे?

निदान हंगामाच्या आधी करून घ्यावे. पावसाळ्यात आपण गावी असतो, तेव्हाच चार आठवड्यांहून जुन्या जुलाबांची तपासणी करावी. आधी शौचाची आणि रक्ताची तपासणी होते. 'कॅलप्रोटेक्टिन' नावाची शौचाची एक तपासणी आतड्याला सूज आहे की नाही ते सांगते. महामारीत दुर्बीण टाळण्यासाठी तिचा बराच उपयोग झाला. पक्के निदान दुर्बिणीनेच होते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय ही आपल्या हक्काची ठिकाणे. तेथे चौकशी करावी, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२० मध्ये राज्यातील सर्वांसाठी खुली झाली. आपला उपचार तिच्यात बसतो काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

औषध पुरेसे सोबत न्यावे. हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. निदान दोन महिन्यांचे औषध बरोबर असावे आणि पुढचे कोठून घ्यायचे ते ठरलेले असावे. मेसालामिन, सल्फासॅलाझिन जनऔषधी केंद्रात मिळते काय, ते पाहावे. औषधाची चिठ्ठी कोपीत भिजते, म्हणून मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवावा. अझाथायोप्रिन चालू असेल तर ठरल्या वेळी रक्त तपासावेच लागते, कारण काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम घटतात.

डॉक्टर फोनवरही भेटतात. २५ मार्च २०२० रोजी देशात दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर झाले आणि एप्रिलमध्ये शासनाची 'ई-संजीवनी ओपीडी' सुरू झाली. महामारीची ही एक चांगली देणगी. टोळीत ज्या पोराला मोबाईल चांगला येतो, त्याने आजारी माणसाला एवढी मदत करावी.

अंगदुखीच्या गोळीपासून जपावे. मोळ्या वाहून अंग ठणकते आणि आपली माणसे सकाळ-संध्याकाळ वेदनाशामक गोळी घेतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी आतड्याचा दाह उसळू शकतो. या रुग्णाने अंगदुखीला काय घ्यायचे, ते डॉक्टरांनाच विचारावे. विडी-सिगारेट क्रॉन्समध्ये फार वाईट. रक्ती जुलाब जोरात असताना जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. आतडे फुगून जिवाला धोका होतो.

खाण्याचे पथ्य सोपे आहे. झटक्याच्या दिवसांत मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेला बटाटा, केळी, अंडे असे पचेल ते खावे; ठेचा आणि कच्चे माळवे बाजूला ठेवावे. दूध सोसत नसेल तर घेऊ नये. आजार शांत असेल तेव्हा ज्वारीची भाकरी आणि भाजी खायला हरकत नाही. आतडे अरुंद झाले असेल तर डॉक्टर सांगतील तसे. उपाशी ठेवून आजार बरा होत नाही, माणूस खंगतो. हळद चांगली म्हणून औषध सोडून नुसती हळद खाणेही चुकीचे.

आणि धोक्याची खूण लक्षात ठेवा. दिवसात सहा किंवा त्याहून अधिक रक्ती जुलाब, जोडीला ताप, छातीत धडधड किंवा पांढरे पडलेले डोळे, अशी स्थिती असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी सांगितलेल्या या खुणा डॉक्टर आजही पाहतात. तेव्हा खाड्याचा हिशेब करू नये.

लेकी-बाळींसाठी दोन शब्द

आपल्या जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीसमोर ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. ओटीपोटात दुखण्याची कारणे अनेक असतात. पिशवी असते, तसेच मूत्रमार्ग असतो आणि आतडेही असते. 'पोट दुखते' एवढ्यावर कोणी ऑपरेशन सुचवले तर आधी विचारा, कशामुळे दुखते? आणि शौचातून रक्त जात असेल तर ते लाज न धरता डॉक्टरांना सांगा. न सांगितल्याने निदान चुकते.

या आजाराच्या मुलीचे लग्न होत नाही, मूल होत नाही, असे समजू नये. आजार शांत असताना दिवस राहिले तर बाळंतपण बहुधा नीट पार पडते. दिवस राहिले म्हणून चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. 'मेथोट्रेक्सेट' नावाचे औषध मात्र गरोदरपणात चालत नाही. म्हणून मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे. सल्फासॅलाझिन घेणाऱ्या पुरुषांतही काही काळ वीर्यातील बीजे कमी होतात. औषध बदलले की ती पूर्ववत होतात. तेव्हा मूल होत नाही म्हणून सुनेला दोष देण्याआधी याचीही चौकशी करा. आजार आठ-दहा वर्षे जुना असेल तर कर्करोगासाठी अधूनमधून दुर्बीण तपासणी करावी लागते, हे नवरा-बायको दोघांनीही लक्षात ठेवावे.

शेवटी सेवेची गोष्ट. विनयपिटकाच्या महावग्गात एका भिक्खूची कथा आहे. त्याला पोटाचा विकार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले आणि मग इतर भिक्खूंना एकमेकांच्या शुश्रूषेची जाणीव करून दिली. पोटाच्या आजाराची किळस करू नये, हे आपल्याला कधीच सांगून झाले आहे. घरात असा रुग्ण असेल तर त्याच्यासाठी संडास जवळ असावा, रात्री दिवा असावा, त्याच्या गोळीची आठवण कोणीतरी ठेवावी. टोळीत असेल तर मुकादमाशी बोलायला चौघांनी सोबत जावे. एकट्या बाईचे तो ऐकणार नाही, चौघांचे ऐकेल.

महामारी आली आणि गेली. आतड्याचा दाह असलेला माणूस आपल्यातच आहे, आणि दिवाळीनंतर तो पुन्हा ट्रॅक्टरमध्ये बसणार आहे. त्याच्या पिशवीत कोयत्याबरोबर गोळ्यांची पाकिटेही आहेत ना, एवढे निघण्याआधी पाहा.